मंडळीत नवीन आहात? खोटे शिक्षक कसे ओळखायचे आणि ओळखल्यावर काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात जे लोक अलीकडं चर्चला यायला लागलेत, किंवा घरात बायबल होतं पण आत्ता कुठं स्वतः उघडून वाचायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी संडे स्कूलला शिकवते आणि नवीन लोक मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, की ताई, इतके पास्टर, इतके चॅनेल, यातलं खरं कोण हे आम्हाला कसं कळणार, सगळेच बायबल हातात घेऊन बोलतात की.

प्रश्न बरोबर आहे. येशूनं मत्तय ७:१५ मध्ये सांगितलंय की खोटे संदेष्टे मेंढरांच्या वेषात येतील, पण आतून लांडगे असतील. पौलानं इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांचा, निरोप घेताना त्याहून पुढं जाऊन सांगितलं (प्रेषितांची कृत्ये २०:२९-३०) की लांडगे बाहेरून तर येतीलच, पण तुमच्यातूनच काही माणसं उठतील आणि शिष्यांना आपल्या मागं ओढतील. म्हणून बाहेरून आलेला तेवढा वाईट आणि आपला तेवढा चांगला असं धरून चालू नका.

त्यात आपल्या भागाची अडचण वेगळीच. आपण बॉर्डरवर. रविवारी सकाळी मराठी उपासना, मग कन्नड, कॅम्पात इंग्रजी, कुठं कोकणी मिस्सा, आणि संध्याकाळी मोबाईलवर हिंदी नाहीतर तेलुगूतून डब केलेला संदेश. सभेला प्रचारक येतो तो कधी कोल्हापूर-मिरजेचा, कधी गोव्याचा, कधी हुबळीचा, कधी आंध्राचा. एका गावात काही भानगड झाली तर माणूस तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या राज्यात जाऊन नवीन बोर्ड लावू शकतो, आणि भाषा बदलली की मागची चौकशी कुणी करत नाही. इथं सुवार्तेचं काम काही कालपरवाचं नाही, लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० सालीच बेळगावात आले, पुढं ते काम मेथडिस्टांकडं गेलं, कॅथलिक धर्मप्रांत १९५३ ला झाला, म्हणजे विचारायला जुनीजाणती माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, पण नवीन माणूस त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी यूट्यूबवाल्यापर्यंत पोचतो.

आणि हेही आधीच सांगते, आपल्याकडचे बहुतेक पाळक प्रामाणिक आहेत. तुटपुंज्या पगारात, टू-व्हीलरवर दोन-तीन गावं सांभाळतात, मध्यरात्री फोन आला तरी दवाखान्यात जाऊन उभे राहतात. खोट्या माणसामुळं सगळ्यात जास्त बदनाम तेच होतात. म्हणून खाली जे सांगतेय ते त्यांना त्रास द्यायला वापरू नका.

पहिलं काम: स्वतः वाचा, आपल्या भाषेत वाचा

बाकीचं सगळं यावर उभं आहे म्हणून यालाच जास्त वेळ द्या. मार्कापासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी दोन-अडीच आठवड्यांत होतो. मग योहान, मग रोमकरांस पत्र. घरात मराठी बोलतात पण मुलांची शाळा कन्नड असेल तर मुलाच्या हातात कन्नड बायबल द्या, तुम्ही मराठी धरा, आणि एकच भाग दोघं मिळून वाचा, फार चांगला अभ्यास होतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल केलं, त्यांच्या मागं १९२४ ला ते छापून बाहेर आलं. एवढी मेहनत त्यांनी कशासाठी घेतली, तर बाईमाणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागू नये म्हणूनच ना. मग आपण घरात बायबल ठेवून चॅनेलवाल्याच्या तोंडाकडं का बघत बसायचं?

बिरुयाचे लोक पौल जे सांगायचा ते रोज शास्त्रात तपासून बघायचे (कृत्ये १७:११). खुद्द पौलाला तपासलं त्यांनी, आणि तरी ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना नावं ठेवत नाही, उलट मोठ्या मनाचे म्हणतो. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की शंका घेणं म्हणजे अविश्वास, तर त्यांना हे वचन दाखवा.

प्रत्यक्षात करायचं ते असं. एक वही ठेवा. संदेश ऐकताना कुठलं वचन वापरलं तेवढंच लिहा, बाकी काही नको. घरी येऊन ते एक वचन न वाचता तो अख्खा अध्याय वाचा, जमलं तर आधीचा आणि नंतरचा पण. महिनाभर हे केलं की तुमचं तुम्हालाच कळायला लागतं की कोण शास्त्र उलगडून सांगतोय आणि कोण आपलं म्हणणं आधी ठरवून वर वचन चिकटवतोय.

आपल्याकडं सर्रास वाकवली जाणारी काही वचनं सांगते, म्हणजे सुरुवात होईल.

"माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका", स्तोत्र १०५:१५. पास्टरला हिशोब विचारला की हे वचन लगेच येतं, आणि सोबत शापाची भीती. पण ते स्तोत्र उघडून बघा, तिथं अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर लोक परक्या मुलखात फिरत होते, तेव्हा देवानं राजांना बजावलं की यांना इजा करू नका, एवढंच आहे. हिशोब विचारण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा, तरी नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर "तूच तो माणूस" म्हणाला (२ शमुवेल १२). आणि पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं, गलती २:११ पासून पुढं वाचा.

मलाखी ३:१०, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणा म्हणजे मी आकाशाच्या खिडक्या उघडीन. हे एकच वचन मोठ्यानं वाचलं जातं. पण त्याच छोट्या पुस्तकात आधी देव याजकांनाच झापतोय की तुम्ही माझ्या वेदीवर आंधळी-लंगडी जनावरं आणता (१:८), आणि मग मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना, विधवेला आणि अनाथाला छळणाऱ्यांना (३:५). चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. जो माणूस ३:१० दर रविवारी वाचतो आणि ३:५ कधीच वाचत नाही, त्याच्याबद्दल विचार करायला लागा.

तिसरं म्हणजे ३ योहान मधलं दुसरं वचन, तुझं सर्व बाबतीत बरं चालो आणि तुला आरोग्य असो. हे योहानानं गायसला पत्राच्या सुरुवातीला दिलेले आशीर्वाद आहेत, आपण पत्रात क्षेमकुशल लिहितो तसे. यावरून प्रत्येक विश्वासणाऱ्याला बंगला-गाडी मिळालीच पाहिजे हा नियम कुणी काढला तर तो त्याच्या खिशातला नियम आहे.

दुसरं: हा माणूस कुठून आला आणि कुणाला उत्तर देतो

प्रवचन चांगलं आहे म्हणून सगळं चांगलं असं नाही. भीड सोडून पुढचे प्रश्न सरळ विचारा, प्रेमानं विचारा, पण विचारा. तुम्ही आधी कुठल्या मंडळीत होता, तिथून का निघालात, तिथल्या कुणाशी बोलता येईल का. तुम्ही चुकलात तर तुम्हाला थांबवणारं कोण आहे. अपुल्लोस एवढा मोठा वक्ता, पण तो अखया प्रांतात निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी तिथल्या शिष्यांना पत्र लिहून दिलं की याचा स्वीकार करा (कृत्ये १८:२७). म्हणजे ओळखपत्र मागणं ही पहिल्या शतकातली रीत आहे, त्यात अपमान कसला.

डिडाखे नावाची एक फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, प्रेषितांच्या नंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतली. त्यात गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांबद्दल नियम दिलेत. तो आला की प्रभू आल्यासारखं स्वागत करा, एक दिवस राहू दे, गरज पडली तर दोन, पण तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात आहे असं दाखवून मला पैसे द्या म्हणाला तर ऐकू नका, दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर मात्र त्याचा न्याय करू नका. किती सरळ आहे बघा. त्या लोकांना मोबाईल नव्हता, पण फसवणूक नेमकी कुठून येते हे नीट माहीत होतं.

मेथडिस्ट असेल तर वर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट आणि बिशप असतात, कॅथलिक असेल तर धर्मप्रांताचे बिशप. स्वतंत्र मंडळी असली म्हणजे खोटी असं मी अजिबात म्हणत नाही, कितीतरी छोट्या घरगुती मंडळ्यांत फार निष्ठेनं काम चाललंय. पण तिथंही वडील मंडळ आहे का, आणि ते खरंच बोलतं का, की पास्टर, त्याची बायको आणि मेव्हणा एवढंच मंडळ आहे, हे बघा. आणि ज्या मोठ्या संस्थेत बिशप आहेत तिथं आपोआप सगळं शुद्ध असतं असंही नाही.

तिसरं: येशूबद्दल काय शिकवतोय

शिक्षणातली मुख्य परीक्षा ही आहे. १ योहान ४:१-३ म्हणतं आत्म्यांची पारख करा, आणि पारखायचं कशावरून तर येशू ख्रिस्त देह धरून आला हे तो कबूल करतो का यावरून. १ करिंथ १५:३-४ मध्ये पौलानं सुवार्ता चार ओळींत सांगितलीय, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. या चार ओळी कुणी बदलल्या, किंवा यात आणखी काही मिसळून त्याशिवाय तारण नाही म्हणाला, तर थांबा.

एरियस म्हणून एक पाळक अलेक्झांड्रियात होता, त्याचं म्हणणं की पुत्र निर्माण केलेला आहे, एक काळ असा होता की तो नव्हता. ३२५ साली निकिया इथं बिशपांची सभा भरली आणि तिनं हे नाकारलं, तिथून तो मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारं विश्वासाचं कबुलीवचन) आला जो कितीतरी चर्चमध्ये आजही म्हणतात. नव्या लोकांना मी सांगते, मतांगीकार पाठ करा, नुसता म्हणू नका, प्रत्येक ओळ कशासाठी आलीय ते पाळकांना विचारा, कारण त्यातल्या ओळी अशा भांडणातूनच आल्यात. एरियसचं म्हणणं आजही नव्या कपड्यात दारावर येतं, हातात छान रंगीत पुस्तक असतं, मराठीत, कन्नडमध्ये, सगळ्या भाषांत असतं. मग काहीजण येतात ते म्हणतात देव पित्यासोबत देव माता पण आहे आणि ती आत्ता पृथ्वीवर आहे. काहीजण म्हणतात ख्रिस्त परत आलाच आहे, अमुक देशात आहे, पण ते पहिल्या दिवशी सांगत नाहीत, आधी दोन-तीन महिने गोड बायबल स्टडी, मग "गुपित". मत्तय २४:२६ वाचून ठेवा, तो अरण्यात आहे म्हणाले तर जाऊ नका, आतल्या खोलीत आहे म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

उघड चुकीचं बोलणारा सापडतो लवकर. जो चुकीचं काही बोलतच नाही पण बरंच काही गाळतो, तो सापडत नाही. सहा महिन्यांची वही उघडा आणि शोधा: पाप हा विषय आला का, पश्चात्ताप आला का, वधस्तंभ आला का, शत्रूला क्षमा आली का, की फक्त यश, प्रमोशन, व्हिसा, शत्रूंचा नाश आणि ब्रेकथ्रू. शिव्या न देता, खोटं न बोलता नुसतं गाळून माणसाला उपाशी ठेवता येतं.

चौथं: पैसा

याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण गरीबाच्या घरातून पैसा जातो तेव्हा नुसता पैसा जात नाही. निपाणीकडं बिडी-तंबाखूत राबणाऱ्या बायका, ऊसतोडीला जाणारी घरं, दुसऱ्याच्या घरात धुणीभांडी करणाऱ्या, यांनी दिलेलं दान देवाच्या नजरेत फार मोठं आहे, विधवेच्या दोन दमड्या येशूनं सगळ्यांत जास्त मोजल्या (मार्क १२:४१-४४). पण त्याच्या एकच वचन आधी, ४० व्या वचनात, येशू म्हणतो की हे शास्त्री विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांब प्रार्थना करतात. ही दोन्ही वचनं एकत्र वाचायची.

"बीज पेरा" हा प्रकार आता फार चाललाय. स्क्रीनवर क्यूआर कोड, अमुक रक्कम पाठवा, तुमच्या समस्येचं नाव लिहा, अमुक दिवसांत उत्तर. बायका संघातून लोन काढून पाठवायलेत, मुलाच्या फीचे पैसे पाठवायलेत, नवऱ्याला न सांगता मंगळसूत्र गहाण टाकायलेत. आणि उत्तर आलं नाही की काय सांगतात, तुमचा विश्वास कमी पडला. म्हणजे पैसे पण गेले आणि दोष पण तिच्याच माथ्यावर. अलीशाच्या चाकरानं, गेहजीनं, नामान बरा झाल्यावर मागं पळत जाऊन पैसे आणि कपडे घेतले, त्याला काय फळ मिळालं ते २ राजे ५ मध्ये आहे. शिमोन जादूगार आत्म्याचं दान पैशानं विकत घ्यायला आला तर पेत्रानं त्याला तुझा पैसा तुझ्यासोबत नाश पावो म्हणून सुनावलं (कृत्ये ८:२०). देवाच्या दानाला रेट कार्ड लागलं की समजून जा.

आता काय करायचं. दान द्या, आनंदानं द्या, पण २ करिंथ ९:७ चा नियम धरा, मनात ठरवलं तेवढं, जबरदस्तीनं नाही. घरातल्यांशी बोलून द्या. कर्ज काढून कधीच देऊ नका. सभेत भावना दाटून आल्यावर आकडा बोलू नका, घरी जा, रात्र जाऊ दे, सकाळी ठरवा. जो म्हणतो की आत्ताच, या क्षणी, नाहीतर अभिषेक निघून जाईल, त्याला देवाची घाई नाही, त्याचीच घाई आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतंय बघा, मंडळीच्या खात्याचं की एका माणसाचं. पावती मागा. दानपेटी दोन-तीन जणांनी मिळून मोजायची, रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, वर्षातून एकदा हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा, एवढं तरी कुठल्याही मंडळीत व्हायला पाहिजे. यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कारण देवाच्याच नाही तर माणसांच्याही नजरेत चोख असावं असं त्याचं म्हणणं (२ करिंथ ८:१८-२१). पौलाला चालतं तर आपल्या पास्टरला का चालू नये?

आणखी एक, प्रार्थना गटात कुणी भिशी, चेन मार्केटिंग, दुप्पट पैशाची स्कीम, परदेशातल्या नोकरीचं आमिष घेऊन आलं आणि पास्टरसाहेबांनी पण घातलेत पैसे म्हणून सांगितलं, तर हात जोडून नाही म्हणा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

पाचवं: गोळ्या बंद करायला सांगितलं तर

देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आम्ही आजाऱ्यासाठी हात ठेवून प्रार्थना करतो, याकोब ५:१४ तेच सांगतं. पण आरोग्य सभेतून घरी येऊन शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या फेकून देणं हा विश्वास नाही. ओळखीतल्या एका मावशींनी असंच इन्सुलिन बंद केलं, स्टेजवर साक्ष पण दिली, आणि पायाची जखम चिघळून शेवटी बोट काढावं लागलं. ज्यानं साक्ष द्यायला लावली तो नंतर फोन उचलत नव्हता. फिट्सची गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

ज्याला चमत्कार झाला त्यानं डॉक्टरकडं जाऊन तपासून घ्यावं, रिपोर्ट नॉर्मल आला तर डॉक्टरच गोळी बंद करतील, आणि मग साक्ष द्यायला आणखी जोर येईल. येशूनं बरं केलेल्या कुष्ठरोग्याला पण जाऊन याजकाला दाखव म्हणून सांगितलंच होतं (मत्तय ८:४). पौलासोबतचा त्रफिम मिलेतात आजारी पडला आणि पौल त्याला तिथंच ठेवून पुढं गेला (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला (१ तीमथ्य ५:२३), यांचा विश्वास कमी होता का? आपल्या अथणी-कागवाड-रायबागची माणसं अजून उपचाराला मिरजेला धावतात, तिथलं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ ला सुरू केलं. या मुलखात सुवार्ता आणि औषध एकाच हातानं आलं, ते आता कुणी वेगळं करू नये.

मनाच्या आजाराला भूत म्हणून मारहाण, साखळीनं बांधणं, उपाशी ठेवणं असलं काही दिसलं तर ते थांबवा, प्रार्थना कमिटीची वाट बघू नका. आणि भारलेलं तेल, रुमाल, पाणी विकून कॅन्सर-शुगर बरी होते अशी जाहिरात करणाऱ्याला हे पण माहीत असू दे की ठराविक रोगांवर जादूई उपायांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

सहावं: भविष्यवाणी

थोडक्यात. सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हतं (अनुवाद १८:२२). घडलं, पण त्यानं तुम्हाला देवापासून दूर नेलं, तरीही ऐकायचं नाही (अनुवाद १३:१-३), हे दुसरं लोक विसरतात. मंडळीत संदेष्टा बोलला तर बाकीच्यांनी पारखायचं, १ करिंथ १४:२९. जगाच्या शेवटाची तारीख सांगणारा तर तिथंच बाद, मत्तय २४:३६ नंतर आणखी काय पाहिजे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या मागं गेलेले लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र वाट बघत बसले आणि सकाळ उजाडली. आणि हे नुसतं निराशेवर थांबत नाही, केनियातल्या शकाहोला जंगलात उपाशी राहिलात तर येशू भेटेल या शिकवणीमागं गेलेल्या लोकांचे ४०० हून जास्त मृतदेह २०२३ पासून उकरून काढावे लागले, त्यात लहान मुलं होती.

आपल्याकडं होतं ते छोट्या प्रमाणात. अमुक मुलीशी लग्न कर असं प्रभूनं सांगितलंय, तमुक नोकरी सोड, घर विकून टाक. देवाला तुम्हाला काही सांगायचं असेल तर तो तुमच्याशी पण बोलेल, तिसऱ्याच माणसाला तुमच्या घराची किल्ली देणार नाही.

सातवं: तुम्हाला एकटं पाडतोय का

याच्याकडं बायकांनी आणि तरुण मुलींनी नीट लक्ष द्या. दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ नको, दुसऱ्याचा संदेश ऐकू नको, आईवडील विश्वासात नाहीत तर त्यांचा फोन घेऊ नको, सणावाराला माहेरी जाऊ नको, तुझी कबुली फक्त मला सांग. आणि मग कबुलीतल्या गोष्टी हळूच वापरायच्या. दियत्रेफस म्हणून एकजण होता, त्याला पहिलं स्थान आवडायचं, तो बाहेरच्या बंधूंना घरात घ्यायचा नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीतून काढायचा (३ योहान ९-१०), हेच चित्र आहे.

बंद खोलीत एकटीनं प्रार्थनेला किंवा समुपदेशनाला जायचं नाही, सोबत कुणाला तरी घ्यायचं, दार उघडं ठेवायचं. चांगला पाळक हे स्वतःच सांगतो. रात्री उशिरा पर्सनल मेसेज, "हे फक्त तुझ्या-माझ्यात", उपवास-प्रार्थनेच्या नावानं मुलींना मुक्कामी बोलावणं, यातलं काही झालं तर लगेच घरी सांगा. मुलांच्या अंगाला हात लावल्याची गोष्ट असेल तर ती मंडळीत मिटवायची नसतेच, सरळ १०९८ वर फोन, बाईवर काही झालं तर १८१, तातडीचं असेल तर ११२. चर्चची बदनामी होईल म्हणून गप्प बसवणारे भेटतील. ऐकू नका.

पण सगळ्यांनाच खोटं म्हणत सुटू नका

हा दुसरा धोका आहे, नव्या लोकांत जास्त. चार व्हिडिओ बघितले की प्रत्येकात खोटा संदेष्टा दिसायला लागतो. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, अन्य भाषा (आत्म्यानं न शिकलेल्या भाषेत बोलणं) आज आहेत की नाहीत, टाळ्या वाजवायच्या की पाइप ऑर्गनवर जुनी गाणी म्हणायची, बाईनं पुलपिटावरून बोलायचं की नाही, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले मतभेद, यावर भांडणं जुनी आहेत आणि प्रामाणिक माणसं दोन्हीकडं आहेत. ठाम मत जरूर ठेवा, पण त्यावरून समोरच्याला लांडगा म्हणू नका. तरुण पाळक एखादं वचन चुकीचं सांगून गेला तर तो पण खोटा शिक्षक होत नाही. अपुल्लोसला पूर्ण माहिती नव्हती, तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला घरी नेऊन नीट समजावलं, आणि तो शिकला (कृत्ये १८:२६). चूक दाखवल्यावर माणूस काय करतो तिकडं बघा: ऐकून घेतो, तपासतो, की चिडून शाप देतो आणि पुढच्या रविवारी तुमच्याच नावानं संदेश देतो.

खात्री पटली की काय करायचं

ऐकीव गोष्टीवर काही करू नका. तारीख, शब्द, रेकॉर्डिंग, पावत्या, मेसेज, जे असेल ते जपून ठेवा. शिकवणीचा प्रश्न असेल तर आधी त्यांच्याशीच एकट्यानं पण सोबत बायबल घेऊन बोला, मग एक-दोघांना घेऊन जा, मग वडिलांकडं (मत्तय १८:१५-१७). वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं, आणि पुढच्याच वचनात सांगतं की पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष द्या, तेव्हा पहिलं वचन वापरून दुसरं दाबू देऊ नका. स्थानिक वडील ऐकत नसतील तर लेखी अर्ज करा, वर पाठवा, पोच घ्या. व्हॉट्सॲप स्टेटसला नाव घालून टाकू नका, त्यानं खटला तुमच्यावरच व्हायचा आणि खरा मुद्दा बाजूला राहायचा.

गुन्हा असेल, म्हणजे पैशाची फसवणूक, मारहाण, लैंगिक अत्याचार, तर मात्र मत्तय १८ ची पायरी-पायरी चालत बसायची नाही, पोलिसांत जायचं. चांगला वकील ओळखीचा असेल तर तक्रार लिहायला मदत घ्या. कन्नड लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याला सोबत न्या, आणि जे लिहिलंय ते आधी मराठीत वाचून घेऊन मगच सही करा.

काहीच बदलत नसेल तर निघा. एकटे निघू नका, घर सगळं मिळून बोला, दुसरी मंडळी आधी बघा, दोन-तीन रविवार जाऊन या. निघाल्यावर फोन येतील, शाप येतील, मुलाला ताप आला तरी त्याचा अर्थ लावतील. गलती ३:१३ म्हणतं ख्रिस्तानं शाप स्वतःवर घेऊन आपल्याला सोडवलं. ते वचन मोबाईलच्या कव्हरवर लिहून ठेवलेल्या बायका मला माहीत आहेत.

जे अजून आतच आहेत त्यांच्याशी बोलणं तोडू नका. त्यांच्या पास्टरला शिव्या दिल्या की ते आणखी घट्ट चिकटतात, त्यापेक्षा घरी जा, चहा प्या, त्यांच्या मुलांची विचारपूस करा, आणि संधी मिळाली की एखादा अध्याय सोबत वाचा. आणि जे बाहेर येतील त्यांना लगेच साक्ष द्यायला स्टेजवर उभं करू नका, कमिटीवर घेऊ नका, दशांशाचं तर नावही काढू नका. त्यांना मागच्या बाकावर गप्प बसायचं असेल तर बसू द्या, कर्ज झालं असेल तर हिशोब लावून द्यायला मदत करा, औषधं सुटली असतील तर डॉक्टरकडं घेऊन जा. सोबत वाचायला घ्यायचं झालं तर गलतीकरांस पत्र घ्या, सहाच अध्याय आहेत, आठवड्याला एक.